इंजिनाला वाहिलेला नारळ

मित्रांनो, मला दोन ब्रेक आहेत. एक चालवणाऱ्याच्या पायाखाली आणि दुसरा त्याच्या शेजारी बसणाऱ्याच्या पायाखाली. क्लचही दोन आहेत. तुमच्यातल्या हुशार मुलांनी ओळखलंच असेल की मी ड्रायव्हिंग स्कूलची गाडी आहे. माझ्या डोक्यावर पिवळी पाटी आहे आणि पाठीवर लिहिलंय, ‘शिकाऊ चालक, अंतर ठेवा’. अंतर कोणी ठेवत नाही. कल्याणच्या रस्त्यावर ठेवायला अंतर असतंच कुठे!

माझं वय सोळा. तुमच्यात सोळाव्या वर्षी मुलं दहावी संपवून कॉलेजची स्वप्नं बघतात. आमच्यात सोळाव्या वर्षी भंगारवाले येता-जाता टायरांकडे बघतात. मी दमले आहे, हे मी आधीच सांगून टाकते. ज्यांना पराक्रमाची गोष्ट हवी असेल त्यांनी रेसच्या गाडीला विचारावं. माझी गोष्ट खड्ड्यांची, जळलेल्या क्लचची आणि एका नारळाची आहे.

माझा जन्म उत्तरेकडच्या एका कारखान्यात झाला. तिथलं फारसं आठवत नाही. मी पट्ट्यावरून सरकत होते, कोणी दारं बसवली, कोणी दिवे लावले, आणि शेवटी एकाने किल्ली फिरवली तेव्हा माझ्या पोटातले चारही सिलिंडर पहिल्यांदा एका सुरात बोलले. तो आवाज मला फार आवडला होता. मग ट्रेलरवर बसून मी ठाण्याला आले.

ठाण्यात मला नौपाड्यातल्या योगिनी नावाच्या दातांच्या डॉक्टरांनी घेतलं. त्यांचा दवाखाना घरापासून चार मिनिटांवर. भाजी, बँक, नाटक, सगळं पायी. त्यामुळे मला काम असं नव्हतंच. रोज सकाळी ओल्या फडक्याने अंग पुसून घ्यायचं आणि रविवारी तलावपाळीला एक चक्कर मारायची. चार वर्षं माझे असे लाड झाले. पुढे त्यांनी मोठी गाडी घेतली आणि मला विकलं. वाईट वाटलं, पण राग आला नाही. त्यांनी मला शेवटच्या दिवशीसुद्धा पुसूनच दिलं होतं.

मला घेतलं ते तानाजी सरांनी. सर मूळचे साताऱ्याकडचे. तरुणपणी मोहन्याला आले आणि तिथल्या रेयॉन कंपनीत बसवर ड्रायव्हर म्हणून लागले. कंपनी बंद पडली, बस जागच्या जागी उभी राहिली, आणि सरांच्या हातातलं स्टिअरिंग गेलं. काही वर्षं त्यांनी इतरांच्या गाड्या चालवल्या. मग मला घेऊन, मला दुसरा ब्रेक आणि दुसरा क्लच बसवून, राहत्या चाळीच्या पुढच्याच गाळ्यात त्यांनी क्लास काढला. सरांना गाडी चालवता येते ती मुंगीलाही धक्का लागणार नाही अशी. गाडीच्या पोटात काय असतं ते मात्र त्यांना फारसं कळत नाही. कंपनीत चालवणारे वेगळे आणि दुरुस्त करणारे वेगळे होते. आपण बोनेट उघडून पाणी आणि तेल बघायचं, पुढचं मेकॅनिक बघेल, एवढी त्यांची विद्या. तेवढी मात्र ते प्रत्येक विद्यार्थ्याला पहिल्याच दिवशी शिकवतात.

बारा वर्षांत माझ्यावर किती माणसं शिकली असतील! कॉलेजातली मुलं, लग्न करून परदेशी निघालेल्या मुली, निवृत्त बँकवाले, रात्रपाळी करणाऱ्या नर्स. प्रत्येकाने आपापल्या परीने माझा छळ केला. गिअर न टाकता रेस दिली, हँडब्रेक न सोडता मैलभर नेलं, शहाडच्या पुलाच्या चढावर मला मागे मागे सोडत नेलं. सर कधी ओरडले नाहीत. विद्यार्थी चुकला की ते आपल्या पायाखालचा ब्रेक हलकेच दाबायचे आणि म्हणायचे, “असू दे, असू दे.” या दोन शब्दांवर अर्ध्या कल्याणने गाडी शिकली असेल.

शिकून झालं की माणसं नवीन गाडी घेतात आणि माझ्या शेजारून हॉर्न वाजवत निघून जातात. ओळखही दाखवत नाहीत. आधी मनाला लागायचं. आता मी तिकडे लक्ष देत नाही.

एक पद्धत मात्र आमच्या क्लासात सगळे पाळतात. ज्याला लायसन्स मिळेल त्याने माझ्या पुढच्या डाव्या चाकापाशी नारळ फोडायचा. पाणी रस्त्यावर सांडतं, खोबरं सरांच्या बायको, मालनकाकू, घरात नेतात आणि त्याच्या वड्या करतात. मोहन्याच्या त्या गल्लीत नारळाच्या वड्या खाऊन मोठी झालेली मुलं आहेत. तुम्ही म्हणाल, मग तुझे आभार मानलेच की. मित्रांनो, नारळ चाकाला असतो. चाक तर बदलता येतं.

आता शकूताईंविषयी सांगते.

शकूताई वडवलीच्या. त्यांच्या घरची पिढ्यान् पिढ्यांची भातशेती होती. तिच्यावर आता इमारती उभ्या आहेत. दारात दोन मोठ्या गाड्या, एक नवरा गोपीनाथ यांची, एक मुलाची. पण शकूताईंना दिव्याजवळ खाडीकाठच्या माहेरी जायचं म्हटलं की नवऱ्याला काम निघायचं आणि मुलाला झोप यायची. चोपन्नाव्या वर्षी एक दिवस त्या नऊवारीचा पदर खोचून क्लासात आल्या आणि म्हणाल्या, “सर, मना गारी शिकवा. मी कोनाची वाट बघायची नाय आता.”

त्या शिकल्या, पण मला जवळजवळ मारून शिकल्या. त्यांचा पाय जड होता. क्लच असा सोडायच्या की माझे दात हलायचे. बंद पडले की माझीच समजूत घालायच्या, “रुसू नको गो बाय, परत करते.” चाचणीत दोनदा नापास झाल्या. दुसऱ्यांदा नापास झाल्या तेव्हा मुलाने घरी नक्कल करून दाखवली म्हणे. तिसऱ्या वेळी माझ्यात बसण्याआधी त्यांनी माझ्या बोनेटवर हात ठेवला आणि डोळे मिटले. मी त्या दिवशी जेवढं सांभाळून घेता येईल तेवढं घेतलं. आठाचा आकडा काढताना मला त्यांच्या हाताचा घाम स्टिअरिंगवर जाणवत होता. त्या पास झाल्या.

मोहन्याला परत आलो तेव्हा माझं इंजिन तापलेलं होतं. शकूताईंनी पिशवीतून नारळ काढला. तेवढ्यात सरांना कोणा नव्या विद्यार्थ्याचा फोन आला आणि ते बोलत बोलत गाळ्यात गेले. शकूताई माझ्या चाकाकडे बघत उभ्या राहिल्या. मग स्वतःशीच म्हणाल्या, “चाकाला काय नारल वाहतात सगली? वजन तर इंजिन वढतंय.”

त्यांनी बोनेट उघडलं. ते कसं उघडायचं हे सरांनीच शिकवलं होतं. माझ्या इंजिनाला त्यांनी हळद लावली, कुंकू लावलं. दगडावर नारळ फोडला, आणि सगळं पाणी, अगदी शेवटच्या थेंबापर्यंत, माझ्या इंजिनावर ओतलं. हात जोडून म्हणाल्या, “तुझ्यामुलं झालं गो.” मग बोनेट लावून टाकलं. सर बाहेर आले तेव्हा शकूताईंच्या हातात नारळाच्या दोन वाट्या होत्या आणि डोळ्यांत पाणी होतं. सरांनी वाट्या बघितल्या, पाणी चाकाला वाहिलं असेल असं धरून चालले, आणि काकूंना हाक मारली.

आता थोडं शास्त्र सांगते, कंटाळू नका. माझ्या पोटात चार सिलिंडर आहेत. प्रत्येकाच्या डोक्यात एक प्लग असतो. तो ठिणगी टाकतो आणि पेट्रोल पेटतं. हे प्लग खोल खळग्यांत बसतात आणि वर रबराची टोपी असते, आत पाणी जाऊ नये म्हणून. माझ्या तिसऱ्या प्लगाची टोपी दोन वर्षांपूर्वीच चिरली होती. कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. नारळाचं पाणी वरचं सगळं हळद-कुंकू धुऊन घेऊन तिथून आत उतरलं आणि खळग्यात साचलं. आता ठिणगी पेट्रोलपर्यंत जाईना, वाटेतच ओलाव्यात विझायची. चौघांनी कपाट उचलावं आणि एकाने मध्येच हात सोडावा, तसं माझं झालं. मी अडखळायला लागले, हिसके द्यायला लागले.

काय झालंय ते मला पहिल्या मिनिटापासून माहीत होतं. पण गाडीला कोण विचारतं?

चार दिवस कोणाला पत्ताच लागला नाही. दुसऱ्या कुठल्या गाडीने असे हिसके दिले असते तर मालक घाबरून खाली उतरला असता. शिकाऊ गाडीने हिसके दिले तर दोष शिकणाऱ्याचा. त्या आठवड्यात समीक्षा नावाची मुलगी शिकत होती. तिचा पाय खरं म्हणजे फार हलका आणि चांगला होता. पण मी दर चौकात थरथरायचे आणि ती रडवेली होऊन विचारायची, “सर, मी परत काय चुकवलं?” सर म्हणायचे, “असू दे, असू दे. क्लच हळू.” मला लाज वाटायची. माझ्या समोरच्या पट्टीवर इंजिन बिघडल्याचा पिवळा दिवा लुकलुकत होता, पण तो तीन वर्षांपासून विनाकारणच पेटलेला असल्यामुळे मालनकाकूंनी त्यावर एक टिकली चिकटवून ठेवली होती.

पाचव्या दिवशी सर मला एकटेच घेऊन निघाले, आणि शहाडच्या चढावर त्यांना कळलं की हिसके मीच देतेय. त्यांनी मला कडेला घेतलं. बारा वर्षांत पहिल्यांदा चूक शिकणाऱ्याची नव्हती.  तसेच हळूहळू त्यांनी मला कल्याणच्या एका गॅरेजात नेलं.

तिथला विनीत हा मुलगा हाताचा चांगला होता, पण घाईत होता. रांगेत सात गाड्या होत्या. त्याने एकेका प्लगाची वायर काढून बघितली. पहिली काढली, माझा आवाज आणखी बिघडला. दुसरी काढली, तसंच. तिसरी काढली तर आवाजात काहीच फरक नाही. “सर, तिसरा मिस करतोय,” तो म्हणाला. इथवर सगळं बरोबर होतं. मग त्याने टोपी उपसून बॅटरी मारली आणि खळग्यात पिवळट पाणी बघितलं.

“रेडिएटरमध्ये काय टाकता?”

“साधं पाणी. कंपनीत बसला तेच टाकायचो,” सर म्हणाले.

“तेच तर. साध्या पाण्याने आत गंज धरलेला असणार, म्हणून हे पिवळं आलंय. पाणी कमी होतंय का?”

सर म्हणाले, हो, दर आठवड्याला थोडं घालावं लागतं. ते खरं होतं. माझा खालचा पाइप कित्येक महिने ठिबकत होता.

“मग झालं. हेड गॅस्केट, म्हणजे आतलं पाणी अडवणारं पॅकिंग, गेलंय नाहीतर हेडच तडकलंय. इंजिन उतरवायला लागेल.” विनीत हात पुसत म्हणाला. “खरं सांगू का? सोळा वर्षांची गाडी आहे. मी कालपण अशीच एक बघितलेली. एवढं इंजिन खोलून फायदा नाही, सर. सोडून द्या.”

विनीत खोटं बोलत नव्हता. त्याला पाणी दिसलं, पिवळं दिसलं, वय दिसलं. या तिघांची बेरीज करून तो मोकळा झाला. हळद त्याला कुठून दिसणार? इंजिनाला हळद लावतं कोण?

सरांनी मला परत मोहन्याला आणलं आणि बंद कंपनीच्या भिंतीपाशी उभं केलं. संध्याकाळी ते आणि मालनकाकू दारातल्या पायरीवर बसले. मला सगळं ऐकू येत होतं.

“दुसरी गाडी बघूया का?” काकूंनी विचारलं.

“या वयात? परत ब्रेक बसवा, परत कागद करा.” सर गुडघा चोळत होते. “दोन वर्षांपूर्वीच थांबायला पाहिजे होतं. गाडी चालतेय म्हणून मी चालत होतो. आता दोघंही बसू.”

 काकूंना माहीत होतं, आणि मलाही माहीत होतं, की हा माणूस बसला की बसलाच. कंपनी बंद पडली तेव्हा तो सहा महिने असाच पायरीवर बसून होता, हे काकूंनी एकदा माझ्यात बसून कोणाला तरी सांगितलं होतं. मित्रांनो, मला भंगाराची भीती वाटत नव्हती असं नाही. वाटत होती. पण त्या पायरीची जास्त वाटत होती.

दुसऱ्या दिवशी सरांनी एकेका विद्यार्थ्याला फोन करून क्लास बंद होतोय असं सांगितलं. भंगारवाल्या कुंडलिकला शनिवारी सकाळी अकराला बोलावलं. माझ्या पाठीवरची अक्षरं त्यांनी स्वतः खरवडून काढायला घेतली. ‘शिकाऊ’ निघालं आणि मग त्यांचा हात दुखायला लागला, म्हणून ‘चालक, अंतर ठेवा’ तसंच राहिलं. शेवटचा फोन त्यांनी शकूताईंना केला. “ताई, तुम्ही शिकलात ती गाडी शनिवारी जातेय. इंजिन गेलं. म्हटलं, तुम्हाला सांगावं.” ताईंनी एवढंच विचारलं, “किती वाजता?”

शनिवारी साडेदहाला गल्लीच्या तोंडाशी जोराचा हॉर्न वाजला. एक भलीमोठी काळी गाडी गल्लीत शिरत होती. एवढी मोठी गाडी त्या गल्लीत मी कधी बघितली नव्हती. ती दोनदा मागे गेली, एकदा नळाच्या कट्ट्याला घासता घासता वाचली, आणि माझ्यासमोर येऊन बंद पडली. क्लच सोडायची ती जड पद्धत मी कुठेही ओळखली असती.

शकूताई उतरल्या. गोपीनाथरावांची गाडी त्यांनी एकटीने आणली होती. सकाळी सहाला वडवलीहून निघून, शिळफाट्याच्या त्या ट्रकांच्या गर्दीतून त्या दिव्याला माहेरी गेल्या होत्या आणि तिथून आपला भाऊ जगन याला घेऊन परत आल्या होत्या. जगन खाडीतल्या होड्यांची इंजिनं दुरुस्त करतो. तो दुसऱ्या बाजूने उतरला आणि आधी जमिनीला पाय टेकवून थोडा वेळ उभा राहिला.

“सर, ही माजी बहीन हाय, पन पुन्यांदा मी हिच्या गारीत बसायचा नाय,” तो म्हणाला.

कुंडलिकचा टेम्पोही त्याच वेळी आला. तो सरळ साखळी काढायला लागला. मालनकाकूंनी त्याला चहा दिला आणि म्हणाल्या, “दहा मिनिटं थांबा. पाहुणे बघतायत.” कुंडलिक घड्याळ बघत बसला.

जगनने बोनेट उघडलं. घाई केली नाही. आधी रेडिएटरचं झाकण उघडून बघितलं, मग इंजिनात तेल ओतायचं झाकण काढून त्याच्या आतून बोट फिरवलं. “तेल साफ हाय,” तो सरांना म्हणाला. “गॅस्केट जेलं असतं तर पानी तेलात शिरलं असतं. तेल चायसारखं दुधी झालं असतं. मागून पांढरा धूर येतो?”

“नाही,” सर म्हणाले.

त्याने सरांनी दाखवलेल्या तिसऱ्या प्लगाची टोपी काढली आणि आत बघितलं.  “सर, इकरं या.”

सर वाकले. इंजिनाच्या कडेवरून मुंग्यांची एक बारीक रांग चालली होती. ती खळग्याच्या तोंडाशी जाऊन आत उतरत होती. त्या मुंग्या आठवडाभर माझ्या अंगावर गुदगुल्या करत होत्या. बोनेट उघडणाऱ्या कोणीतरी त्यांच्याकडे बघावं म्हणून मी वाट बघत होते.

“रेडिएटरच्या पान्याला मुंग्या लागत नाय,” जगन म्हणाला. त्याने खळग्यात चिंधी बुडवून वर काढली आणि वास घेतला. “ह्ये पानी आतशी नाय आयलं. वरशी परलंय. आमच्या होडीच्या प्लगावर खाडीचं पानी उडलं की असंच होतं, पन ह्ये खारं नाय. कायतरी गोड हाय. कोनी ओतलं?”

सर गोंधळले. “ओतेल कोण? कोणाचं काय वाकडं केलंय मी?” त्यांच्या आवाजात राग नव्हता, पण ते दुखावले होते. आजूबाजूला जमलेली माणसं एकमेकांकडे बघायला लागली. कोणीतरी म्हणालं, पोरांचा खेळ असेल. कोणीतरी पलीकडच्या क्लासवाल्याचं नाव घेतलं.

शकूताई पायरीवर खाली बसल्या.  त्या चिंधीवरच्या पिवळ्या डागाकडे बघत होत्या.

“सर, मीच ओतलंय,” त्या म्हणाल्या. “नारल फोरला त्या दिवशी. सगली चाकाला वाहतात. मना वाटलं, चाकानं काय केलंय? इंजिनानं केलंय ना सगलं. मी त्याला पानी दिलं. मी तुमची गारी मारली, सर.”

त्या रडायला लागल्या. चोपन्न वर्षांची बाई लहान मुलीसारखी पदरात तोंड घालून रडली. कुंडलिकच्या हातातला चहा तसाच राहिला. सर त्यांच्याकडे बघत होते, आणि मला दिसलं की त्यांचा उजवा पाय नकळत जमिनीवर दाबला गेला. शेजारी बसून बारा वर्षं जो ब्रेक दाबला, तोच ते दाबत होते.

“असू दे,” सर म्हणाले. “असू दे, असू दे.”

आणि ते हसायला लागले. आधी खोकल्यासारखे, मग मोठ्याने, मग डोळे पुसत. मालनकाकूंनी दारातून विचारलं, “अहो, काय झालं?” तर त्यांना सांगताच येईना. “इंजिनाला नारळ,” एवढंच म्हणाले आणि पुन्हा हसले. मी त्यांना इतकं हसताना कधी बघितलं नव्हतं.

जगनने खळगा चिंधीने टिपून काढला, सायकलच्या पंपाने हवा मारून वाळवला, प्लग काढून तारेच्या ब्रशने घासला. चिरलेली टोपी फेकून गल्लीतल्या दुकानातून नवी आणून बसवली. ठिबकणाऱ्या पाइपाची पट्टीही आवळली. मुंग्यांना त्याने फुंकर घालून हाकललं, मारलं नाही. मग सरांनी किल्ली फिरवली.

एकदा मी खोकले. दुसऱ्यांदा खोकले. कुंडलिक उठून उभा राहिला. आणि मग माझा तिसरा सिलिंडर जागा झाला. चारही पुन्हा एका सुरात बोलायला लागले. मित्रांनो, कारखान्यातला तो पहिला आवाज काही आला नाही. सोळा वर्षांनी येतही नसतो. पण आवाज माझा होता आणि पुरा होता. सरांनी टिकली खरवडून काढली. पिवळा दिवा लुकलुकायचा थांबला होता. गेल्या तीन वर्षांसारखा आता तो नुसताच पेटलेला होता, आणि त्याचंही कधीतरी कोणी बघेल.

कुंडलिक रिकामा टेम्पो घेऊन गेला. काकूंनी त्याला डबाभर वड्या दिल्या. त्याच नारळाच्या होत्या, हे त्याला कोणी सांगितलं नाही. सोमवारी सकाळी सर पुन्हा माझ्या डाव्या सीटवर बसले आणि समीक्षाने पहिल्यांदा एकही हिसका न देता मला शहाडच्या चढावर चढवलं. “बघ, तुझी चूक नव्हतीच,” सर तिला म्हणाले. ती खूप वेळ हसत होती.

मी अजून दमलेलीच आहे. नवं काही मिळालं नाही मला, एक रबराची टोपी सोडली तर. गुडघे सरांचे दुखतात, सांधे माझे वाजतात, आणि एक दिवस कुंडलिक पुन्हा येईल तेव्हा त्याला चहा पाजून थांबवता येणार नाही. पण दमणं वेगळं आणि संपणं वेगळं. तुमच्या घरातलं कोणी जुनं, माणूस असो की यंत्र, अडखळायला लागलं तर त्याचं वय मोजून मोकळे होऊ नका. आधी झाकण उघडून नीट बघा. मुंग्या कुठे चालल्यात तेही बघा. आणि कुठे काही चिरलं असेल तर ते चिरलेलं असतानाच बदला, एवढी माझी विनंती आहे.

आता एक शेवटचं सांगते आणि थांबते. शकूताई हल्ली दर रविवारी स्वतः गाडी चालवत माहेरी जातात. जाताना मोहन्याला थांबतात, माझ्या बोनेटला लांबूनच हात लावतात आणि पटकन हात मागे घेतात, चटका बसल्यासारखा. त्यांना अजून लाज वाटते. मला बोलता आलं असतं तर मी त्यांना सांगितलं असतं की ताई, सोळा वर्षांत माझं बोनेट शेकडो वेळा उघडलं गेलं, आणि दर वेळी माझ्यात काय कमी आहे नाहीतर काय बिघडलंय ते बघायलाच. काही न बिघडता, नुसते आभार मानायला ते एकदाच उघडलं गेलं. त्या पाण्याने माझा जीव जाणार होता हे खरं. पण ते गोड होतं.